अंगावर लाल उठलं तर कधी थांबायचं, कधी निघायचं

पोळा झाला की दिवाळीपर्यंत आमच्या इकडे अंगावर काहीतरी लाल उठलं नाही असं घर सापडत नाही. निंदणाला गेलेल्या बाया कोपरापर्यंत खाजवत येतात, फवारणीवाल्याच्या मानेवर चट्टे, पोरांच्या पाठीवर घामोळ्या, आणि सगळ्यांचं उत्तर एकच, "काई नाई होत, गवताचं हाय." बरेचदा खरंच गवताचंच असतं, गाजर गवत, धुऱ्यावरची खाजकुयली, नाहीतर एखादा किडा. साबण लावून धुतलं, कपडे बदलले की दोन-चार दिवसात बसून जातं, त्यासाठी कोणी तालुक्याला धावावं असं मी पण म्हणत नाही. पण त्यातच मधूनच एखादं वेगळं निघतं, ते ओळखायचं कसं हे आपल्याला कोणी कधी सांगतच नाही, म्हणून बसून लिहितेय.

पहिली गोष्ट, नुसत्या रंगाच्या भरवशावर राहू नका. मोबाईलवर शोधलं की बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे येतात. आपल्या सावळ्या, उन्हात रापलेल्या अंगावर लाली लालभडक दिसतच नाही, जांभळट दिसते, कधी नुसती काळसर आणि वर जराशी चमक. म्हणून हात लावून पाहा. हाताची मागची बाजू त्या जागेवर ठेवा, मग दुसऱ्या बाजूच्या हाता-पायाच्या त्याच जागेवर, गरम लागतंय का, कातडी ताणलेली आहे का, दाबल्यावर दुखतं का.

शेजारच्या काकूंचं सांगते. शुगर आहे, टाचेला खोल भेगा आणि पऱ्हाटीत अनवाणी जायची सवय. सकाळी घोट्याच्या वर चार बोटं जागा लाल झाली, घरच्यांनी मुरगळला असंल म्हणून हळद-तेल चोळलं. आशाताई दुपारी दुसऱ्याच कामानं आली होती, तिनं पाय पाहिला, खिशातला बॉलपेन काढून लालीच्या कडेकडेनं रेघ मारली, बाजूला वेळ लिहिली आणि म्हणाली, "काकू, आताच चाला दवाखान्यात." काकू म्हणे सोयाबीन पडलं हाय वावरात. दिवे लागेपर्यंत रेघ तिथंच आणि लाली पोटरीवर, वर हुडहुडी भरून ताप. मग ऑटो करून नेलं. सेल्युलायटिस निघालं, म्हणजे भेगेतून जंतू आत शिरून कातडीच्या खालच्या थरात पसरतात, सलाईनमधून अँटिबायोटिक द्यावं लागलं, पाय उशीवर उंच ठेवून. डॉक्टरांनी घरच्यांना बजावून सांगितलं की शुगरवाल्यानं रेघ ओलांडायची वाटच पाहायची नाही. आणि ज्यांना हत्तीपाय आहे, आपल्या विदर्भात तसे लोक बरेच आहेत, त्यांच्या पायाला हे पुन्हा पुन्हा होतं, त्यामुळे पाय रोज साबणानं धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं हे त्यांच्यासाठी औषधाइतकंच महत्त्वाचं. त्यातही दिसतंय थोडंसं आणि दुखतंय जीव जाईल इतकं, असं असलं तर सकाळ होऊ देऊ नका, रात्रीच निघा.

घरी करता येईल अशी अजून एक तपासणी म्हणजे काचेचा साधा ग्लास चट्ट्यावर दाबून धरायचा. लाली फिकी पडली तर बरं, पण ठिपके जसेच्या तसे राहिले तर ते कातडीखाली सांडलेलं रक्त असू शकतं, आणि सोबत ताप असला तर डेंग्यूपासून मेंदूज्वरापर्यंत काहीही असू शकतं, मग घरी थांबायचं नाही. फिकी पडली म्हणून ताप असलेला माणूस घरी ठेवायचा असंही नाही बरं का, तापासोबतचा चट्टा दाखवायचाच.

तापावरून आठवलं, स्क्रब टायफस. २०१८ मध्ये नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत याचे पेशंट एकामागून एक सापडले होते. झुडपातल्या माइट नावाच्या बारीक किड्याच्या पिल्लानं चावलं की हा ताप होतो. चावलेल्या जागी बरेचदा बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते, भोवती लाल कडा, आणि ती ना दुखते ना खाजते. वर ती निघते काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, बाईच्या छातीखाली, म्हणजे जिथं पेशंट दाखवायला लाजतो तिथंच. ताप उतरत नसंल तर घरच्यांनीच अंग नीट पाहावं आणि डॉक्टरांना तोंडानं सांगावं की आम्ही वावरात, गवतात काम करतो. वेळेत कळलं तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीनं बरा होतो, उशीर झाला तर किडनी-फुप्फुसापर्यंत जातो.

आता ज्याचा मला खरंच संताप येतो ते मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबबद्दल. गजकर्ण असो, मुरुम असो, एकच ट्यूब, अख्खं घर लावतं. त्यात स्टेरॉइड असतं, खाज त्या दिवशी थांबते म्हणून माणूस खूश, आणि बुरशी मात्र आतून पसरत राहते, चट्ट्याचं रूपच बदलतं, मग डॉक्टरलाही ओळखता येत नाही. तोंडाला लावली तर कातडी पातळ होऊन चेहरा कायमचा लाल राहतो. चिठ्ठीशिवाय आणू नका, हात जोडून सांगते.

नागीण झाली की गेरू लावून मंत्र टाकणारा शोधतात. अंगाच्या एकाच बाजूला आधी आग, मग लाल पट्टा आणि पाण्याचे फोड, हा कांजिण्यांचाच विषाणू आहे. औषध ७२ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त कामाला येतं. डोळ्याजवळ असली तर त्याच दिवशी जा.

आणि जो चट्टा खाजतही नाही, दुखतही नाही, त्यालाच लोक सगळ्यात जास्त सोडून देतात. फिका नाहीतर लालसर डाग, तिथं घाम येत नाही, कापूस फिरवला तरी समजत नाही, तो कुष्ठरोग असू शकतो. ज्या विदर्भात आनंदवन उभं राहिलं तिथं अजूनही लोक हे लपवतात याचं फार वाईट वाटतं. सरकारी दवाखान्यात एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगाच्या एकत्र द्यायच्या गोळ्या, फुकट मिळते, ६ किंवा १२ महिन्यांचा कोर्स, बोटं वाकडी व्हायच्या आधी घेतला तर माणूस पूर्ण बरा होतो.

अंगभर गांध्या उठून ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली की एक मिनिट न घालवता १०८ ला फोन करा. नवीन गोळी सुरू केल्यावर, फिटची असो, सल्फाची असो, अंगावर लाल उठून तोंडात फोड आले, डोळे लाल झाले, कातडी सुटायला लागली तरी तसंच, त्या गोळीचा पुढचा डोस देऊ नका आणि लगेच निघा. फवारणी करताना औषध अंगावर सांडलं तर कपडे तिथंच काढून साबणानं अंग धुवा, आणि मळमळ, घाम, अंधारी, डोळ्यासमोर धूसर असं काही असलं तर फक्त चट्ट्याकडे पाहत बसू नका, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं किती घरं उघडी पडली ते आपण पाहिलंय.

जाताना गोळ्यांचं पाकीट, फवारणीच्या औषधाची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, आणि लावलेली ट्यूब सोबत न्या, चट्ट्याचा पहिल्या दिवसापासूनचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि दवाखान्यात जायच्या आधी त्यावर हळद, गेरू, चुना काही फासू नका, डॉक्टरला कातडी दिसली पाहिजे.