दाखला का देत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून

पालकसभेत विचारता, लग्नाच्या पंगतीत विचारता, कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत हातातली पिशवी खाली ठेवून विचारता: "बाई, असली दांडगी पोरं शाळेत ठेवता कशाला? शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा हातात आणि मोकळं व्हायचं." इतकी वर्षं मी विषय बदलत आले. आता सांगते.

वर्गात काय चालतं ते मी लिहीत बसत नाही. तुमचीच मुलं घरी येऊन सांगतात.

कायद्यानं आमचे हात बांधलेत असं तुम्हाला वाटतं. ते अर्धं खरं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि मारायला, मनाला लागेल असं छळायला बंदी आहे. पण पोरगं नववीत गेलं की काढण्याची वाट मोकळी होते. दाखले निघतात ते म्हणूनच नववीत. पुढच्या वर्षी दहावीचा निकाल असतो ना. पालकांना बोलावून समजुतीनं सांगितलं जातं, 'बाहेरून बसवा, सतरा नंबरचा फॉर्म भरा.' मारण्याचं म्हणाल तर नववीतही ते मोकळं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७५ वं कलम आहेच. म्हणजे मी मारू शकत नाही हे खरं, पण दाखल्यासाठी आग्रह धरू शकते. धरत नाही. का, ते त्या एका दुपारीशिवाय मला सांगता येणार नाही.

नववीचा वर्ग, मी वर्गशिक्षिका. विज्ञानाच्या तासाला सरांनी मागच्या बाकावरच्या एकाकडे मोबाईल मागितला. त्यानं दिला नाही. सरांनी हात पुढे केला, त्यानं तो झटकला आणि सरांच्या छातीला धक्का दिला. सर फळ्यावर आदळले, चष्मा फुटला. कुणीतरी त्याचं शूटिंग केलं आणि मधल्या सुट्टीपर्यंत ते पोरांच्या स्टेटसला होतं. धक्क्यापेक्षा सरांना ते जास्त लागलं.

वडिलांना फोन केला. शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. ते शिफ्टमधून तसेच आले, कपड्यांना काळी वाळू चिकटलेली. मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण होतो. सगळं ऐकून घेतलं त्यांनी आणि मला म्हणाले, "बाई, हाणायचं न्हाई व्हय? मी काय इचारायला यायचो न्हाई." मी म्हटलं, आम्हाला मारता येत नाही. ते म्हणाले, "मग मी हाणतो."

त्यांचा हात पट्ट्याकडे जायच्या आधी त्या पोरानं खांद्यावरचं दप्तर काढलं, नीट टेबलाच्या कडेला ठेवलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. विनवणी नाही, रडणं नाही. पुढे काय होणार आणि त्यात आपण कुठे उभं राहायचं, हे त्याला पाठ होतं. दोन फटके बसले. तिसऱ्याला मी त्या माणसाचं मनगट धरलं. ते थरथरत होतं. मग खुर्चीत बसून ते रडायला लागले, आणि तिकडे पोरगं दप्तर परत खांद्याला अडकवत होतं.

धाकानं सुधारायचं असतं तर हा मुलगा कधीच सुधारला असता. त्याच्या वाट्याला धाक कमी आलेला नव्हता.

मग दाखल्याची गोष्ट निघाली. आमच्यात बहुतेक सगळे देण्याच्या बाजूचे. तुम्ही कधी दाखला नीट वाचलाय? त्यात वर्तणुकीचा रकाना असतो. काढून टाकलेल्या पोराच्या दाखल्यावरही आम्ही तिथं 'चांगली' लिहितो, कारण तसं लिहिलं नाही तर दुसरी शाळा घेत नाही. शाळा सोडण्याचं कारण: पालकांच्या विनंतीवरून. पालक समोर रडत बसलेला असतो आणि त्याच्याकडून अर्ज लिहून घेतलेला असतो. माझ्या वर्गातल्या मुलाबद्दल असा खोटा कागद निघायला मी तयार नव्हते. तेच बोलले, आणि दाखला थांबला.

आणि दाखला घेऊन पोरगं जातं कुठं? नवी शाळा दोन महिने, मग गेटबाहेरची टपरी. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे, गुटख्याला राज्यात २०१२ पासून. मावा मिळायचा थांबलाय का, ते आमच्या गेटवर येऊन बघा. दाखला दिलेली पोरं तिथंच बाईकवर बसलेली असतात आणि आत असलेल्यांना बाहेर बोलावतात. तुम्ही म्हणता पोरगं गेलं. ते फक्त हजेरीतून जातं.

हे सगळं लिहिताना एक बाई माझ्याशी भांडतेय. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली मी. तिच्या टेबलावर छडी असायची आणि वर्गात चिडीचूप. त्या वेळचे विद्यार्थी आजही रंकाळ्यावर भेटतात, वाकून नमस्कार करतात, "बाई, तुमच्या मारानं घडलो" म्हणतात. ती विचारते, तुझ्या आजच्या वर्गातून असा एक तरी येईल? मी तिला सांगते, जे घडले ते नमस्काराला येतात; जे घडले नाहीत ते मला बघून रस्ता बदलत असतील. ती म्हणते, असेल, पण माझ्या वर्गात पहिल्या बाकावरच्या पोरीला प्रमेय ऐकू यायचं. इथं माझ्याकडे उत्तर नाही.

खरंच नाही. त्याच वर्गातली एक हुशार मुलगी वर्षअखेरीस दुसऱ्या शाळेत गेली. तिची आई घरकामं करते. ती मला म्हणाली, "बाई, त्या पोराचा इचार केलासा, माझ्या पोरीचा कुणी करायचा? मी सकाळी सातला घरातनं जातो, तिला शिकवायला मी न्हाई." आणि ते सर. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "उद्या मी त्या वर्गात उभा कसा राहू?" तो प्रश्न रास्त होता. आम्ही दोघं आजही एकाच स्टाफरूममध्ये बसतो आणि कामापुरतं बोलतो.

काही जण मला शाहू महाराजांचं नाव ऐकवतात, 'त्यांच्या गावात शाळेला शिस्त नको?' महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्यांची सक्ती पोरांना शाळेत आणण्यासाठी होती. नववीच्या पोरांना तो कायदा नव्हता, हे मला माहीत आहे. तरी या गावात मला ते आठवतं.

त्या मुलाचं पुढे काय झालं, हेही विचारता. दहावीला बसला, गणितात गेला, पुरवणी परीक्षेला आलाच नाही. मी बरोबर होते, हे यातून ठरत नाही. तुम्ही होतात, हेही नाही. पट्टा, दाखला आणि माझ्यासारखी तास सुटल्यावर अर्धा तास थांबणारी बाई, याखेरीज आमच्याकडे काहीच नाही. पोरांशी बोलायला शिकलेलं माणूस शाळेत नाही. ते मागायला माझ्याबरोबर चला म्हटलं की पालकसभा लवकर संपते.

पुढच्या आठवड्यात परत बैठक आहे. तिघांची नावं आहेत. दोघं आठवीतले, त्यांना कायदा सांभाळून घेईल. तिसरा नववीचा आहे, त्याच्याबद्दल मी बोलणार आहे.