आर्च लिहायचं राहिलं आणि आठ दिवस गेले

राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय. लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तीन वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी सोर्स कोडपासून बांधायचा होता. त्यातले दोन मिळून दीड दिवसात झाले. तिसऱ्यानं आठ दिवस खाल्ले, तेही एक शब्द टाइप करायचा राहिला म्हणून: आर्च, म्हणजे कुठल्या प्रोसेसरसाठी बांधायचंय ते.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या कारखान्यात आहे. आम्ही हायड्रॉलिक व्हॉल्व्ह तपासायचं मशीन बनवतो. व्हॉल्व्ह उघडला की दर मिलिसेकंदाला दाब मोजायचा आणि आलेख काढायचा, एवढंच काम. मोजणी रास्पबेरी पाय 4 नावाचा छोटा संगणक करतो. साध्या कर्नलवर एखादी मोजणी मधूनच उशिरा व्हायची, आणि नेमकी व्हॉल्व्ह उघडतानाचीच चुकली की आलेखात खड्डा. गिऱ्हाईक त्या खड्ड्यावर बोट ठेवून विचारायचं, "हे काय वो?"

यावर इलाज रिअल टाइम कर्नलचा, म्हणजे ठरल्या वेळी काम व्हावं याची काळजी घेणाऱ्या कर्नलचा. पूर्वी त्यासाठी वेगळे पॅच लावावे लागायचे. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 6.12 या आवृत्तीपासून ती सोय मूळ कर्नलमध्येच आली, एक्स86, आर्म64 आणि रिस्क-फाइव्ह अशा प्रोसेसरांच्या तिन्ही घराण्यांसाठी. म्हणून ठरवलं की सोर्स एकच घ्यायचा आणि त्यातून तीन कर्नल काढायचे. एक ऑफिसातल्या जुन्या इंटेलच्या पीसीसाठी (एक्स86), एक पायसाठी (आर्म64), आणि एक रिस्क-फाइव्हसाठी. हे तिसरं कशाला, तर मालकांनी कुठंतरी वाचलं होतं. "पुढं त्येच येणार म्हणत्यात, बघून ठेव." बोर्ड नव्हताच, क्यूईएमयूमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरचं सोंग घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवून दाखवायचं होतं.

पीसीचं काम एका दुपारी उरकलं. फ्लेक्स नाही, बायसन नाही, लिबएल्फ नाही असं एकेक रडगाणं आलं, एकेक पॅकेज टाकलं, झालं. मेन्यूकॉन्फिग (कर्नलचे पर्याय निवडायचा मेन्यू) उघडत नसेल तर एनकर्सेसचं डेव्हलपमेंट पॅकेज राहिलेलं असतं, हेही आत्ताच सांगून टाकतो, नंतर विसरेन.

पायचं काम मी रात्री घरी घेतलं. जुलैचा पाऊस. घरचे सगळे मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत बसलेले. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे कोल्हापुरातल्या पोराला पाढ्यासारखं पाठ असतं. मी आपला कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन. सुरुवात अगदी शिस्तीत केली: मेक आर्च=आर्म64 डेफकॉन्फिग. मेक ही बांधकामाची आज्ञा, आणि पुढचं म्हणजे आर्म64 साठीची पर्यायांची ठरीव मांडणी घे. या मांडणीत पाय 4 ला लागणारं जवळजवळ सगळं आधीच असतं. आता फक्त रिअल टाइमचा पर्याय चालू करायचा होता. म्हणून टाइप केलं: मेक मेन्यूकॉन्फिग.

बस. एवढंच. आर्च राहिलं.

निळा पडदा उघडला. तो सगळ्या प्रोसेसरांना सारखाच दिसतो. वरच्या ओळीत लिनक्स/एक्स86 असं लिहिलेलं असतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा ती ओळ कोण वाचतंय? रिअल टाइमचा पर्याय दिसेना, म्हणून माझं सगळं लक्ष तिकडं. (तो दिसायला आधी जनरल सेटअपमधलं एक्स्पर्टचं खूण-घर भरावं लागतं. मेन्यूत तिरपी रेघ दाबून नाव शोधलं की कोणता पर्याय कशावर अडलाय ते कळतं. बरोबर एक तास घालवून शिकलो.) सापडला, चालू केला, सेव्ह केलं, बाहेर आलो.

आत काय घडलं होतं ते असं. आर्च सांगितलं नाही की मेक समजतं, ज्या मशीनवर बसलाय त्याच्यासाठीच बांधायचंय. माझा लॅपटॉप एक्स86. निवडलेले सगळे पर्याय डॉट कॉन्फिग नावाच्या फाइलीत असतात. माझी आर्मची ती फाइल मेकनं एक्स86 चा चष्मा लावून वाचली. जे पर्याय एक्स86 मध्ये नसतातच, ते सगळे सेव्ह करताना गाळून टाकले. पायची चिप, तिचा सिरीयल पोर्ट, तिचं एसडी कार्ड, सगळं गेलं. एक इशारा नाही, एक ओळ नाही. याच गोष्टीचा राग आहे. रेशन कार्डावरचं नाव कमी करायलासुद्धा अर्ज लागतो हो!

मग कंपाइल सुरू केलं, आणि या वेळी मात्र आर्च आणि क्रॉस कंपाइल (दुसऱ्या प्रोसेसरसाठी बांधणारा कंपायलर कोणता ते) दोन्ही बरोबर लिहिलं. लगेच प्रश्नांचा पाऊस. हे पाहिजे का, ते पाहिजे का, प्रत्येकापुढं नवीन असं लिहिलेलं. खरं तर तिथंच थांबायला पाहिजे होतं. डेफकॉन्फिग नुकतंच केलंय, तर एवढे प्रश्न नवीन कुठनं आले? पण रात्रीचे साडेअकरा वाजलेले, बाहेर पाऊस, कधी लाईट जाईल सांगता येत नाही. मी एंटरवर बोट ठेवलं ते काढलंच नाही. त्या गर्दीत "ब्रॉडकॉम एसओसी सपोर्ट" हा प्रश्नही माझ्या डोळ्यांपुढून गेला असणार. त्याचं ठरीव उत्तर नाही असं असतं. पायची चिप ब्रॉडकॉमचीच.

पन्नास मिनिटांनी इमेज तयार. एकही एरर नाही. मधे एकदा लाईट गेली आणि बॅटरीही उतरली, तरी फारसं घाबरायचं कारण नसतं. मेक सहसा राहिलेल्या फाइलींपासूनच पुढं चालू करतं. कार्डावर कर्नल8 डॉट आयएमजी नावानं टाकलं, पाय चालू केला. टीव्हीवर तो सात रंगांचा चौकोन आला आणि तसाच राहिला. पायचे संदेश लॅपटॉपवर आणणाऱ्या सिरीयल केबलवर एक अक्षर नाही.

पुढचे सात दिवस मी चुकीच्या दारांवर धडका मारल्या. कार्ड बदललं. अ‍ॅडॉप्टर बदलला. केबलच्या टीएक्स आणि आरएक्स (पाठवायची आणि घ्यायची तार) उलट लागल्या असतील म्हणून फिरवून बघितल्या. मग केबलच खराब असणार म्हणून शहरातल्या एका दुकानातून दुसरी आणली. दुकानदारानं वर ऐकवलं, "जुनी दाखवा तरी." दाखवली. त्यानं टीएक्सची पिन आरएक्सला जोडली, दोन अक्षरं टाइप केली, ती परत पडद्यावर उमटली. जुनी केबल ठणठणीत. पैसे द्यावे लागले ते लागलेच. कॉन्फिग डॉट टीएक्सटी मध्ये सिरीयल चालू करणारी इनेबल यूआर्ट=1 ही ओळ आहे ना, तेही दहादा बघितलं. होतं.

आणि कहर म्हणजे पायची मूळची ऑपरेटिंग सिस्टीम त्याच कार्डावर, त्याच केबलवर झकास चालत होती. म्हणजे हार्डवेअरमध्ये काही नाही हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. पण हार्डवेअर हातात धरता येतं, म्हणून संशयही तिकडंच जातो. मेक क्लीन करून पुन्हा बांधत राहिलो. मेक क्लीन डॉट कॉन्फिगला हात लावत नाही, त्यामुळं तीच चूक मी पुन्हापुन्हा नव्यानं भाजून काढत होतो. एकूण नऊ वेळा.

सुटका झाली ती माझ्या हुशारीनं नव्हे. पुण्यातला कॉलेजचा मित्र म्हणाला, तुझी कॉन्फिग पाठव. मी घाईत डॉट कॉन्फिगऐवजी डॉट कॉन्फिग डॉट ओल्ड पाठवली. कॉन्फिग बदलली की आधीची प्रत त्या नावानं राहते. पाच मिनिटांत उत्तर आलं: "पायमध्ये इंटेल कधी बसवलास?"

फाइलीच्या अगदी सुरुवातीला लिनक्स/एक्स86 असं छापलेलं होतं. मग चालू कॉन्फिग उघडली. तिथं वर आर्म64 बरोबर होतं, पण आत ब्रॉडकॉमच्या ओळीपुढं "इज नॉट सेट". या फाइलीत पर्याय बंद असेल तर ती ओळ कॉमेंटसारखी दिसते, सुरुवातीला हॅशची खूण असते, आणि आपली नजर तिला सोडून पुढं जाते. पण ती कॉमेंट नसते, ते उत्तर असतं. दोन कॉन्फिगची तुलना करायला सोर्सच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये डिफकॉन्फिग नावाची छोटी स्क्रिप्ट आहे. ती मला आधी माहीत असती तर दुकानदाराचं ऐकून घ्यावं लागलं नसतं.

आप्पांनी तीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्न मेकर म्हणून, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने बनवायचं, काम केलं. रात्री जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. कर्नल वगैरे सोडून दिलं, फक्त म्हणालो की एका मशीनचा साचा दुसऱ्या मशीनला लावला. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "बिडाचा पॅटर्न घिऊन स्टील वतलंस व्हय?" बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आटतं फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग), स्टील आटतं दोन सूत. पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दिसायला दोन्ही पॅटर्न सारखेच. "म्हणूनच आमी पॅटर्नवर मेटल लिवून ठेवायचो," आप्पा म्हणाले. "तू कुठं लिवलावतास?"

कुठंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं तेच केलं. आता प्रत्येक प्रोसेसरचं फोल्डर वेगळं. मेकला मोठा ओ देऊन त्या फोल्डरचा पत्ता सांगायचा, म्हणजे डॉट कॉन्फिग आणि सगळा पसारा तिकडंच पडतो. तीन फोल्डर, आणि तीन छोट्या स्क्रिप्ट ज्यांत आर्च आणि क्रॉस कंपाइल पक्के लिहिलेले. हातानं मेक टाइप करणं मी बंद केलंय. ही पद्धत सुरू करताना सोर्सचं फोल्डर स्वच्छ लागतं, नाहीतर मेक मिस्टर प्रॉपर (सगळं साफ करणारा हुकूम) चालवायला सांगतं. तो चालवला की डॉट कॉन्फिग आणि तिची जुनी प्रत दोन्ही जातात, म्हणून आधी सेव्हडेफकॉन्फिग करून निघालेली छोटी फाइल बाजूला ठेवा.

नावांचा घोळ वेगळाच. कर्नल ज्याला आर्म64 म्हणतो त्यालाच कंपायलर ए-आर्च64 म्हणतो. रिस्क-फाइव्हला कर्नलच्या बाजूला नुसतं रिस्कव्ही, कंपायलरच्या बाजूला रिस्कव्ही64. क्रॉस कंपाइलच्या शेवटी आडवी रेघ द्यायची विसरलात तर ते ग्नूजीसीसी असलं काहीतरी जोडून शोधत बसतं आणि सापडत नाही म्हणतं. ही चूक त्यातल्या त्यात प्रामाणिक, निदान तोंडावर सांगते. इमेजचं नावही सारखं नसतं: एक्स86 ला बीझेडइमेज, आर्म64 ला नुसतं इमेज. आणि मॉड्यूल (कर्नलचे सुटे भाग) टाकताना इन्स्टॉल मॉड पाथमध्ये कार्डाचा पत्ता द्या. तो न देता सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकारानं चालवणं) मारलात तर पायची मॉड्यूल तुमच्या लॅपटॉपच्या लिब मॉड्यूल्समध्ये जाऊन बसतात. हे मी केलं का? केलं. त्यावर आणखी लिहीत नाही.

रिस्क-फाइव्ह नव्या पद्धतीनं पहिल्या फटक्यात उठला. मालकांना क्यूईएमयूत लॉगिन दाखवलं. ते म्हणाले, "बरं हाय," आणि फोनवर बोलायला बाहेर गेले.

पाय त्याच संध्याकाळी उठला. सिरीयलवर ओळींचा धबधबा सुरू झाला तेव्हा मी खरंच खुर्चीतून उठून उभा राहिलो. नीट खात्री करावी म्हणून यूनेम (चालू कर्नलची ओळख सांगणारी आज्ञा) टाइप केलं. प्रीएम्प्ट आरटी ही रिअल टाइमची खूण आली, ए-आर्च64 आलं, आणि त्यांच्या आधी #1. कितव्यांदा बांधलाय त्याचा तो आकडा. फोल्डर नवीन, म्हणून मोजणीही नव्यानं. आधीच्या नऊंची नोंद आता कुठंच नाही.