डब्यातले पैसे आणि चेकचे पैसे

विधानसभेला उभं राहणाऱ्याला अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं काढावं लागतं. पैसा स्वतःच्या खिशातला असला तरी तो आधी त्या खात्यात जायला हवा, मगच खर्च. रोजचा हिशोब आयोगाच्या नोंदवहीत ठेवायचा: पांढऱ्या पानांवर खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. प्रचार चालू असताना किमान तीनदा ती वही खर्च निरीक्षकांपुढे तपासणीला न्यायची आणि निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यायचा. चुकलं तर तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत कर सल्लागार आहे आणि निवडणूक लागली की हे काम घेते. मोठ्या पक्षांच्या उमेदवारांकडे स्वतःचे सीए असतात. माझ्याकडे अपक्ष आणि लहान पक्षांचे लोक येतात.

२०२४ च्या विधानसभेला आण्णांचं काम माझ्याकडे होतं. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर म्हणून आयुष्य काढलेले, युनियनमध्ये मुरलेले. त्यांचा पक्ष आयोगाकडे नोंदणी झालेला, पण मान्यता नसलेला. या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक (नाव सुचवणारा मतदार) पुरतो, आण्णांना दहा लागले, आणि दहाही त्याच मतदारसंघातले. त्यातले दोघे आदल्या रात्री फिरले. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदार यादी फुकट मिळते, यांनी पैसे भरून घेतली. आकाशवाणी-दूरदर्शनवरची मोफत वेळ फक्त मान्यताप्राप्त पक्षांना. ज्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या माथी पडत नाही असे स्टार प्रचारक त्यांना ४०, यांना २०. तशी यांच्याकडे वीस नावाजलेली माणसं होतीच कुठे! मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, मग अपक्ष. आडनाव कितीही आधीच्या अक्षराचं असलं तरी आण्णा मधल्या गटातच.

आणि चिन्ह. मोठ्यांचं चिन्ह वर्षानुवर्षं भिंतींवर असतं. आण्णांना मुक्त चिन्हांतून शिलाई मशीन मिळालं ते ४ नोव्हेंबरला, माघारीची मुदत संपल्यावर. मतदान २० ला, प्रचार १८ ला संध्याकाळी बंद. म्हणजे दोन आठवड्यांत घराघरात शिलाई मशीन पोचवायचं. त्यात दिवाळी नुकतीच झालेली, डिजिटल फलक छापणाऱ्यांची मशीनं मोठ्यांच्या ऑर्डरनी अडलेली. प्रत्येक हँडबिलावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, तो नसला तर गुन्हा. आमचं हँडबिल छापून आलं तेव्हा प्रचाराचे चार दिवस गेले होते. मोबाइलवर बातम्या चालवणाऱ्या एकाने ‘पॅकेज’ सांगितलं. ते आमच्या सगळ्या छपाईच्या खर्चापेक्षा जास्त होतं. आम्ही नाही म्हटल्यावर त्यांच्या लढतीच्या बातम्यांत आण्णांचं नाव ‘व इतर’मध्ये गेलं. चिन्हाचं महत्त्व ज्यांना अतिशयोक्ती वाटतं त्यांनी त्याच वर्षीची साताऱ्याची लोकसभा आठवावी. शरद पवारांच्या पक्षाचा तुतारी वाजवणारा माणूस आणि एका अपक्षाची नुसती तुतारी यांत लोकांचा घोटाळा झाला आणि त्या अपक्षाला ३७ हजार मतं पडली. ओळखीचं चिन्ह म्हणजे काय ते मोठ्यांना त्या दिवशी कळलं, लहानांना ते दर निवडणुकीत कळतं.

या जिल्ह्याला लहान पक्षांचं वावडं कधी नव्हतं. १९७७ ला शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) दाजिबा देसाई कोल्हापुरातून लोकसभेत गेले. १९८५ ला त्याच पक्षाचे एन. डी. पाटील विधानसभेत गेले. शिरोळ-हातकणंगले भागात राजू शेट्टींना शेतकऱ्यांनी मत दिलं आणि वर्गणीही दिली. आण्णा त्याच आठवणींवर वाढलेत. त्यामुळे सभेनंतर डबा फिरवायचा यात त्यांना काही विशेष वाटलं नाही.

तो दिवस गुरुवारचा, दुसऱ्या तपासणीचा. सकाळी आण्णा ऑफिसात आले ते पत्र्याचा डबा घेऊन. आदल्या रात्री एका गावात कोपरा सभा झाली होती, तिथल्या बायकांनी टाकलेले पैसे. दहाच्या नोटा, विसाच्या, आणि नाण्यांचा ढीग. आम्ही टेबलावर मोजले. ६,३४० रुपये. आमच्या खात्यात त्या दिवशी त्याहून कमी शिल्लक होती.

“जमा करा मॅडम,” आण्णा म्हणाले.

उमेदवाराच्या गुलाबी पानावर जमेच्या बाजूला देणाऱ्याचं नाव आणि पत्ता असा रकाना आहे. मी म्हणाले, “आण्णा, यादी लागेल.”

“यादी न्हाई. बायकांनीच सांगितलंय, नाव लिवू नका.”

मी कारण विचारलं नाही, पण त्यांच्याबरोबर आलेल्या पोराने सांगितलं. उसाचा हंगाम नुकताच सुरू होत होता. एक बाई त्याला म्हणाली होती, “आमचं नाव वहीत गेलं तर तोड मार्चात येईल.” ज्यांचा ऊस उभा आहे त्यांना यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. उशिरा तोड म्हणजे वाळलेला ऊस, घटलेलं वजन, पुढच्या लागणीचा घोळ. कारखाना, दूध संस्था, सोसायटी, सगळीकडे कुणाची ना कुणाची माणसं बसलेली. आणि उमेदवाराचा हिशोब गुप्त नसतो. फी भरून कुणीही त्याची नक्कल मागू शकतो. म्हणजे बायकांची भीती अगदी रास्त होती.

डबा कपाटात ठेवून मी तपासणीला गेले. तिथे दुसरंच वाढून ठेवलं होतं. प्रशासनाची स्वतःची एक नोंदवही असते, छाया निरीक्षण नोंदवही. व्हिडिओ पथक सभेचं चित्रण करतं, मग खुर्च्या, स्पीकर, मंडप, गाड्या मोजून जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे खर्च लावला जातो. आमच्या एका सभेला त्यांनी लावल्या होत्या २०० खुर्च्या. माझ्या वहीत ९०, त्याही गावच्या तालमीने फुकट दिलेल्या. फुकट मिळालेली वस्तूसुद्धा दराप्रमाणे वस्तुरूप देणगी म्हणून दाखवायची असते, ती मी दाखवली होती. तफावत तशीच राहिली असती तर नोटीस, आणि तिला ४८ तासांत लेखी उत्तर. मी व्हिडिओ लावायला सांगितला. कॅमेरा डावीकडून निघून शेवटच्या रांगेपर्यंत गेला, मग परत डावीकडे आला. निळ्या शर्टातला एक म्हातारा, मांडीवर नातू घेतलेला, दोनदा दिसला. मी तिथे थांबवायला लावलं. मोजणाऱ्याने त्याच रांगा दोनदा मोजल्या होत्या. तिथल्या लेखाधिकाऱ्याने शांतपणे आकडा खोडून ९० केला आणि सही केली. चांगला माणूस होता. त्या कामाचा मला आजही अभिमान वाटतो.

पण परत येताना डोक्यात एकच विचार. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख. आण्णांचा सगळा खर्च त्याच्या जवळपासही जाणार नव्हता. मर्यादा ज्याला कधी शिवणारच नाही त्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या कॅमेऱ्यात मोजल्या जातात. त्याच आठवड्यात रस्त्याकडेच्या मळ्यांत जेवणावळी उठत होत्या, तांबडा-पांढरा रस्सा आणि धाब्यांची कुपनं, आणि गावात कुणालाही विचारा, यजमान कोण ते सांगेल. ते कुठल्या वहीत येतं? जे उघड्यावर होतं ते मोजलं जातं, आणि गरिबाचं सगळंच उघड्यावर असतं.

दुपारी माझ्या एका जुन्या व्यापारी क्लायंटचा फोन आला. “मॅडम, तुम्ही त्या पक्षाचं बघता ना? पाच लाखांचा चेक देतो पक्षाला. पावती द्या. चार पंचाहत्तर रोख परत.”

हा धंदा आमच्या व्यवसायात सगळ्यांना माहीत आहे. नोंदणीकृत पक्षाला बँकेतून दिलेल्या देणगीची तेव्हाच्या, १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०जीजीसीखाली जुन्या करप्रणालीत पूर्ण वजावट मिळत होती. तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाचा पाच लाखांवर सेससकट १,५६,००० कर वाचायचा. पंचवीस हजार पक्षाला सोडले तरी त्याच्या हातात १,३१,००० उरायचे. पक्षाला पंचवीस हजार, तेही पॅन, पत्ता, चेक नंबरसकट.

मी त्यांना नकार दिला. पण पक्ष माझा नव्हता, म्हणून संध्याकाळी आण्णांना सांगितलं. लपवून ठेवणं मला योग्य वाटलं नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बरोबरचा पोरगा बी.कॉम. झालेला, प्रचारासाठी नोकरी सोडून आलेला. तो म्हणाला, “आण्णा, पंचवीस हजारात उरलेले सगळे दिवस दोन रिक्षा फिरतील. सगळेच करत्यात.” आण्णांनी मला विचारलं, “ह्यात नाव-पत्ता सगळं हाय?”

“सगळं आहे.”

“तपासणीत कोण बोट ठेवंल?”

“निवडणुकीच्या तपासणीत कोणी नाही.”

“म्हंजी त्यो चोरीचा पैसा वहीत बसतो, आणि बायकांचा बसत न्हाई.”

त्यांनी त्या व्यापाऱ्याचा विषय तिथेच संपवला. पोरगा रागाने उठून खाली गेला.

त्या रात्री मी आयोगाच्या सूचना पुन्हा काढून बसले. उमेदवाराच्या वहीत नाव हवंच. पण पक्षांसाठी नियम वेगळे आहेत. वीस हजारांपर्यंतच्या देणग्यांची नावं पक्षाला आयोगाकडे जाहीर करावी लागत नाहीत. रोखीने एका माणसाकडून दोन हजारांवर घेतले तर मात्र पक्षाची आयकर सवलत जाते. आणि २०१४ च्या पारदर्शकतेच्या सूचनांमध्ये एक अपवाद स्पष्ट आहे: जाहीर सभेत लोकांनी दिलेल्या किरकोळ रकमांसाठी पक्षाने नावं ठेवण्याची गरज नाही. म्हणजे तोच डबा उमेदवाराचा म्हणून अडतो आणि पक्षाचा म्हणून चालतो. सभा पक्षाचीच होती, परवानगी पक्षाच्या नावावर, पैसे सभेतच जमलेले. मार्ग होता: पैसे पक्षाच्या खात्यात भरायचे, पक्षाने तिथून आण्णांच्या निवडणूक खात्यात पाठवायचे. मोठ्या पक्षांचा पैसा याच वाटेने रोज येतो.

पण मोठ्या पक्षाचं खातं, खजिनदार, ऑपरेटर, सगळं हाताशी असतं. आण्णांच्या पक्षाचं एकच खातं, खजिनदार दुसऱ्या जिल्ह्यात, आणि सही करणारा तो एकटा. शुक्रवारी गुरुनानक जयंतीची बँकेला सुट्टी. पैसे भरायचं मशीन नाणी घेत नाही, दहाच्या नोटाही नाही. शनिवारी मी स्वतः डबा घेऊन काउंटरवर उभी राहिले. कॅशिअरने आधी “नाणी सोमवारी आणा” म्हटलं. मी हलले नाही, तेव्हा मोजून घेतली. मध्ये रविवार. खजिनदारांनी पैसे पाठवले ते सोमवारी, १८ तारखेला दुपारी. खात्यात जमेचा मेसेज आला तेव्हा प्रचार संपायला काही तास उरले होते.

रिक्षा नाही, हँडबिल नाही. ते पैसे मतदानाच्या दिवशी केंद्रांवर बसलेल्या पोरांच्या चहा-नाश्त्याला गेले. बिलं मी एक एक लावली. पिवळ्या पानावर जमा बाजूला पक्षाचं नाव आहे, बायकांचं कुणाचं नाही. आण्णांची अनामत गेली. ती वाचायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. अंतिम हिशोब मुदतीत दिला, त्यावर एकही हरकत आली नाही.

त्या व्यापाऱ्याने मग दुसऱ्या सल्लागारामार्फत दुसऱ्याच एका पक्षाला चेक दिला, हे मला उशिरा कळलं. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने खोट्या वजावटींविरुद्ध देशभर मोहीम घेतली, त्यात राजकीय देणग्याही होत्या. ऑगस्टमध्ये आयोगाने ३३४ पक्ष यादीतून काढले, सहा वर्षं एकही निवडणूक न लढवलेले. हे फार आधी व्हायला हवं होतं. या पावतीपुरत्या पक्षांमुळे आण्णांसारखे लढणारे बदनाम होतात, दुकानदार वर्गणी मागायला गेलं की आधी विचारतो, “परत किती मिळणार?” आयकर खात्याचा मेसेज आल्यावर तो व्यापारी पुन्हा माझ्याकडे आला. मी त्याला वजावट मागे घेऊन सुधारित विवरणपत्र भरायला सांगितलं. तो विचार करून सांगतो म्हणाला.

आण्णांच्या पक्षाने आता जिल्हा शाखेचं खातं कोल्हापुरात काढलंय, दोन सह्यांचं, आणि दुसरी सही त्या पोराची आहे. पावती पुस्तकं छापून घेतलीत, दहा, वीस आणि पन्नासची कुपनं वेगळी. पोरगा अजून म्हणतो, ते पंचवीस हजार घेतले असते तर हजारभर मतं वाढली असती. मतांचं त्याचं बरोबर असेलही. डब्यातले पैसे गुरुवारीच वहीत बसले असते तर किती वाढली असती, हे मी त्याला विचारते. तेव्हा तो आयोगावर चिडतो. मीही चिडते. म्हणून आम्ही दोघं मिळून आयोगाला पत्र लिहायला घेतलंय: जाहीर सभेतल्या किरकोळ रकमांची जी सूट पक्षांना आहे ती उमेदवारालाही द्यावी, रकमेची मर्यादा ठरवून आणि सभेच्या व्हिडिओचा पुरावा जोडून. त्यांचं पथक तसंही तिथे कॅमेरा घेऊन उभं असतं.