नर्सेसचं इंग्रजी आणि एक गोल शिक्का

नाशिकमध्ये नर्सिंगच्या मुलींना ओईटीसाठी, म्हणजे परदेशात काम करू इच्छिणाऱ्या नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजीच्या परीक्षेसाठी, इंग्रजी शिकवायचं ठरलं. बॅच, वेळ, फी सगळं फोनवरच पक्कं झालं. अडलं ते वॉर्डातल्या कागदांपाशी.

या मुली ड्यूटीवर नेमकं काय लिहितात ते मला बघायचं होतं. नर्सेस नोट्स, इनटेक-आउटपुट चार्ट, डिस्चार्ज कार्ड. त्यावरच कोर्स बांधायचा, नाहीतर परत टेन्स आणि व्हॉइस. हॉस्पिटलच्या ऑफिसात अर्ज दिला. क्लार्क म्हणाले, "मॅडम, इंग्रजीला पेशंटची फाइल कशाला? ग्रामर घ्या ना." मग म्हणे अर्ज लेटरहेडवर हवा. तो नेला तर शिक्का गोल हवा, चौकोनी चालत नाही. मग साहेब मीटिंगला, मग साहेब मुंबईला. अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते कोणी सांगेना. (झेरॉक्सवर पोच घेऊनच निघा, नाहीतर "अर्ज आलाच नाही" ऐकावं लागतं.) नावं झाकून द्या म्हटलं, तरी गोपनीयता! ती मलाही मान्य आहे हो, पण मग सरळ नाही म्हणा. द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून हेलपाटे कशाला?

सुटलं ते एका सिस्टरमुळे. "भरलेले कागद कशाला मागता? कोरे फॉर्म न्या, त्यावर कुणाचं नाव नसतं," म्हणाल्या आणि मेट्रनना विचारून गठ्ठाच हातात दिला. वर एका काल्पनिक पेशंटचा हँडओव्हरही (ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला द्यायची माहिती) बोलून दाखवला: "बेड नंबर 4, ताप उतरलाय, आयव्ही चालू, युरिन आउटपुट कमी." हेच डॉक्टरला फोनवर पूर्ण इंग्रजी वाक्यांत सांगायचं, हा आमचा पहिला धडा.

ओईटीच्या रायटिंगला 45 मिनिटं, त्यातली पहिली 5 नुसती वाचायला. पत्र 180 ते 200 शब्दांचं. कळवण-दिंडोरीच्या माझ्या मुली केस नोट्समधलं (परीक्षेत दिलेली पेशंटची माहिती) सगळंच पत्रात उतरवतात. पायाच्या जखमेसाठी घरी ड्रेसिंग लागणार असेल तर लेक शेजारी राहते हे लिहायलाच हवं. 20 वर्षांपूर्वीचं अपेंडिक्स नको. ही निवड शिकवताना घाम निघतो, आर्टिकल्स परवडली. अन् हो, ब्रिटनच्या एनएमसीला (तिथे नर्सेसची नोंदणी करणारी संस्था) रायटिंगमध्ये सी प्लस ग्रेड चालतो, बाकी तिन्हींत, म्हणजे लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये, बी लागतो. हे आधीच सांगा, निम्मी धास्ती जाते.

स्पीकिंगच्या रोल प्लेला पेशंट म्हणून अनुभवी सिस्टरनाच बसवा. आमच्या सिस्टर येतात आणि "इंजेक्शन नको म्हणजे नको" यावर अशा अडून बसतात की मुली रोल प्लेच्या सूचना-कार्डावरचं सगळं विसरून त्यांची समजूत काढायला लागतात, तीही इंग्रजीत.