आमची वाटचाल : झेरॉक्सच्या गाळ्यापासून व्हिसाच्या फायलींपर्यंत

२००९ साली जळगावात कलेक्टर कचेरीजवळ भाड्याचा गाळा आणि एक झेरॉक्स मशीन, एवढ्यावर सुरुवात केली. प्रतिज्ञापत्रं टाइप करता करता पासपोर्टचे फॉर्म आले आणि मग विद्यार्थी व्हिसाच्या फायली. मधली वर्षं बरी गेली.

सांगायचं ते २०२३ चं. आमच्या समोरच काचेचं ऑफिस उघडलं. एसी, सोफा, वर 'व्हिसाची हमी' अशी पाटी. कॅस, म्हणजे यूकेच्या विद्यापीठाचं प्रवेश पक्का झाल्याचं पत्र, हातात आलेली आमची पोरं तिकडे वळली, कारण तिथे खात्यात पैसे 'भरून' मिळायचे. आम्ही घसा कोरडा करायचो : यूकेसाठी उरलेली फी आणि राहण्याखर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात पाहिजे, आणि त्यातला शेवटचा दिवस अर्जाआधीच्या ३१ दिवसांतला हवा. ऐकतंय कोण! त्या दिवाळीला दोन पोरांचा पगार बायकोच्या पाटल्या सराफाकडे ठेवून केला.

त्या वर्षी टिकले ते रावेरचे आप्पा. लेकीच्या फाइलसाठी त्यांनी केळीचे पैसे खात्यात ठेवले होते. भिंतीवरच्या कालनिर्णयावर मी रोज लाल पेनाने एक चौकट खोडायचो. एकोणिसाव्या दिवशी आप्पांनी मृगबागेच्या, म्हणजे पावसाळी केळी लागवडीच्या, टिश्यू रोपांसाठी त्यातूनच पैसे काढले.

"भाऊ, रोपं थांबत नाहीत ना!"

मोजणी पुन्हा एकपासून. समोरच्याने त्यांना गाठलंच : दोन दिवसांत करून देतो. आप्पा म्हणाले, "कार्बाइड मारून पिकवलेली केळी आम्ही घरात खात नाही." आणि पुढचे २८ दिवस थांबले. लेकीचा व्हिसा आला.

समोरच्या फायलींतली स्टेटमेंटं बनावट निघाली. अशा खोटेपणाला यूके नुसता नकार देऊन सोडत नाही, दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकतं. त्यातली दोन पोरं आधी आमच्याकडे आली होती. मी त्यांना 'थांबा' म्हणालो होतो, एवढंच.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो, वीस एकरांचा सातबारा असला तरी यूकेच्या फाइलीत तो पैसे म्हणून धरत नाहीत. आई-बापाच्या खात्यातले पैसे चालतात, पण जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडावं लागतं. दाखल्यावर आईचं नाव माहेरचं असेल तर आधी ते निस्तरा, मग आमच्याकडे या.

ते काचेचं ऑफिस उठलं तेव्हा त्यांचं टेबल आम्हीच घेतलं. आमचा जुना स्कॅनर आता त्यावर असतो. टेबलाचा एक पाय हलतो, खाली पुठ्ठा घातलाय.