आजीच्या लुगड्याला पहिली चीर

आजी गेल्यावर तिची सात लुगडी माझ्या वाटणीला आली. आईनं पत्र्याच्या ट्रंकेसकट ती माझ्या ताब्यात दिली आणि म्हणाली, "तुला शिवणाची आवड आहे, गोधडी शिव." मला यायचं ते पडद्यांना टीप मारणं आणि उशांच्या खोळी. गोधडीला कधी हातही लावला नव्हता. तरी हो म्हणाले.

पुढचे अकरा महिने ट्रंक पलंगाखाली होती.

त्या अकरा महिन्यांत मी गोधडीचं सगळं काही केलं, फक्त शिवली नाही. चौकटीच्या वहीत नक्षी काढली, खोडली, पुन्हा काढली. दोऱ्याची रिळं आणली, मेण आणलं, अंगुस्तान आणलं. एका रात्री हिशोब मांडला: पाच फूट बाय सात फूट गोधडी, बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी, म्हणजे सगळ्या ओळी मिळून साधारण ५३० फूट शिवण झाली. तो आकडा बघून वही मिटली ती दोन महिने उघडली नाही.

कुणी विचारलं की मी म्हणायचे, आजीची वस्तू आहे, घाई करून बिघडवायची नाही. हे मला खरंच वाटायचं. पण रात्री मी पांघरायचे आजीनं शिवलेली गोधडी. तिचा टाका जोंधळ्याच्या दाण्यासारखा, एकसारखा, कुठंही लहानमोठा नाही. माझं शिवण त्याच्याशेजारी ठेवलं जाईल, घरातले दोन्हींवरून हात फिरवतील, आणि कुणी काही बोलणार नाही. भीती त्या न बोलण्याची होती.

पावसाळा संपल्यावर ऊन दाखवायला म्हणून ट्रंक उघडली. वरचं लुगडं काळं इरकल होतं, आजी बाजाराला जाताना नेसायची ते. दोरीवर टाकलं आणि उन्हातून बघितलं, तर घडी जिथं जिथं होती तिथं तिथं उजेडाच्या रेघा. सुत घडीवरच विरलं होतं. मी जपून ठेवलंय असं समजत होते आणि ते त्याच घडीत आतल्या आत तुटत चाललं होतं. मी गच्चीवर बराच वेळ उभी राहिले.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू मूळच्या तासगावकडच्या. आयुष्यभर गोधड्या शिवल्या, काही वर्षं पैसे घेऊनही शिवून दिल्या. त्या दुपारी लुगडं घेऊन त्यांच्याकडे गेले. हातात नवी कात्री होती. ती बघून म्हणाल्या, "कात्री कशाला? काठापुरती वापर. काठ दाट असतोय, तो हातानं तुटत न्हाई. पुढचं फाडायचं. सुत आपल्या वाटंनं सरळ जातंय, तुझ्या कात्रीपरास सरळ."

फाडायचं, हा शब्द ऐकूनच पोटात गोळा आला. कापणं निदान नीटनेटकं वाटतं. मी तशीच वर आले आणि आईला फोन लावला. "आई, आजीचं लुगडं फाडू का?"

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू झालीस तेव्हा तुझे लंगोट, दुपटी कशाची होती? तिनंच तिचं अंगावरचं मऊ झालेलं लुगडं टराटरा फाडलं, माझ्यासमोर. तिनं कुणाला विचारलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी काकूंच्या फरशीवर लुगडं अंथरलं. काठाला कात्रीनं चीर दिली. दोन्ही हातांनी धरलं. काकू म्हणाल्या, "थांबत थांबत न्हाई, एका दमात." आणि मी ओढलं. तो आवाज अजून कानात आहे, कोरडा, लांब. कडेला सुताचे बारीक तंतू उडाले, नाकात जुन्या कपाटाचा वास गेला. फाडलेली कड खरोखर दोरीनं आखल्यासारखी सरळ होती. मला रडू आलं. काकूंनी येऊ दिलं, आणि दुसरं टोक पुढं केलं.

पदर मात्र फाडला नाही. इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी. दोन्हीचे उभे धागे एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात. त्या पदराला कानडीत टोपी-तेनी म्हणतात. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या आमच्या जतकडे कानडी घरोघरी कळते. तेने म्हणजे धान्याचं कणीस. तो लाल-पांढरा पदर गोधडीच्या मधोमध आला.

विरलेलं खालच्या थरात, दमदार वर, मध्ये आजोबांच्या धोतराचे थर, असं काकूंनी लावून दिलं. आधी मोठे कच्चे टाके घालून सगळं टाचून घ्यायचं, मग कडेनं सुरुवात करून आत आत यायचं. मी घरी आल्यावर शहाणपणा केला आणि पदर आधी पक्का करावा म्हणून मधूनच शिवायला बसले. तीन दिवसांनी कडेला हा एवढा फुगा. चार ओळी उसवाव्या लागल्या. उसवताना वाटलं, झालं, हेच तर होणार होतं. ट्रंक पुन्हा पलंगाखाली जायला त्या रात्री फार थोडं अंतर उरलं होतं.

काकूंना फुगा दाखवला. त्यांनी तळहातानं दाबून बघितला. "माझ्या पहिल्या गोधडीत दोन हुतं. पोरं त्यावर लोळूनच मोठी झाली." मग मी ५३० फुटांचं सांगितलं. त्यांना तो हिशोब पटलाच नाही. "फूट कशाला मोजतीस? रोज तीन दोरं संपव. हातभर दोरा, तीन बारी. चौथा घ्यायचा न्हाई, हौस आली तरी."

ते चौथा न घेणं मला सर्वांत उपयोगी पडलं. ऑफिसातून आल्यावर, जेवणं झाल्यावर, तीन दोरे. काही दिवस टाके तिरके जायचे, काही दिवस बोट टोचून रक्त यायचं, पण तीन दोरे होऊन जायचे. साधारण विसाव्या दिवशी लक्षात आलं की मी टाक्याकडे न बघता शेजारच्या खोलीतल्या बातम्या ऐकतेय, आणि टाका पडतोय. आजीसारखा नाही. माझा थोडा लांब पडतो, आणि ओळीच्या शेवटी डावीकडे झुकतो.

गोधडी एकदाची झाली. दिवाळीनंतर आई आली. तिनं ती जमिनीवर पसरली, गुडघ्यांवर बसून मधल्या पदरावर बोट फिरवलं, मग कडेकडेनं फिरत माझ्या तिरक्या ओळींपाशी आली. मी श्वास धरून बसले होते.

"इथं सुरुवात केलीस ना?" तिनं विचारलं.

"हो."

"कळतंय." एवढंच म्हणाली, आणि दुपारी तीच पांघरून झोपली.

संध्याकाळी मी ट्रंकेतून दुसरं लुगडं काढलं, अंजिरी. काठाला चीर दिली आणि हात पुन्हा थांबला, अगदी पहिल्यासारखाच. या खेपेला आई समोर होती. तिनं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघींनी ओढलं.