तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट डाउनलोड का होत नाही?

नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात मी ईआरपी (बिलं, स्टॉक, हिशेब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) सांभाळतो, आणि जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न भरायची ११ तारीख जवळ आली की अकाउंट्समधून फोन येतोच, "अहो दादा, रिपोर्ट डाउनलोडच होत नाहीये, काय करू?" सातपूरचे, सिन्नरचे मित्रपण हेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

माझा पहिला प्रश्न ठरलेला, फाइल आलीच नाही की आली पण उघडत नाही? इथे बरेच जण गप्प होतात, कारण डाउनलोड्स फोल्डर कुणी बघितलेलाच नसतो, तोवर कम्प्युटर मात्र तीनदा रीस्टार्ट करून झालेला असतो.

फाइल आलीये पण एक्सेल म्हणतंय फॉरमॅट चुकीचा, तर आधी तिची साइज बघा. हजारो बिलांचं रजिस्टर ४ केबीत कसं मावेल? नोटपॅडमध्ये उघडा, वरच एचटीएमएल (वेबपेजचा कोड) दिसलं की समजायचं, तुम्ही चहाला गेलात, तेवढ्यात सेशन, म्हणजे लॉगिनची मुदत, संपलं आणि सॉफ्टवेअरने रिपोर्टच्या नावाखाली लॉगिनचं पान टेकवलं. परत लॉगिन करा, झालं. कधीकधी त्यातच डेटाबेसची खरी एरर छापलेली असते, ती कॉपी करून पाठवा (मोबाईलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको, हात जोडतो).

मिनिटभर गोल फिरून ५०४ ही एरर (सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही) आली तर नेटवाल्याला शिव्या घालू नका. मध्ये एनजिनएक्स (तुमची मागणी मागच्या सर्व्हरकडे पोचवणारा वेब सर्व्हर) असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे मागच्या सर्व्हरकडून ६० सेकंद काहीच आलं नाही की तो नाद सोडतो. अख्खं वर्ष एकदम मागू नका, महिन्यामहिन्याने काढा. ४०३ म्हणजे परवानगी नाही, ते माझ्याकडचं काम.

आमच्याकडे एकदा फक्त एकाच युनिटची बिलं उतरेनात. ब्राउझर बदलला, अँटिव्हायरसवर संशय घेतला, दोन दिवस नुसतं डोकं खाल्लं, शेवटी कळलं की त्यांनी बिल नंबरात स्लॅश टाकायला सुरुवात केलीये. जीएसटीच्या नियम ४६ ला स्लॅश चालतो, नंबर १६ अक्षरांत बसला म्हणजे झालं, पण विंडोजला फाइलच्या नावात तो चालत नाही, आणि आमचा प्रोग्राम बिल नंबरच पीडीएफचं नाव म्हणून वापरायचा, मग स्लॅशच्या आधीचा भाग फोल्डर समजून "असा फोल्डरच नाही" म्हणत अडून बसायचा. फाइलच्या नावापुरता स्लॅशचा डॅश केला, एका ओळीचं काम आणि त्यासाठी दोन दिवस!

मला खरी भीती वाटते ती एररशिवाय उतरलेल्या फाइलची. जुने रिपोर्ट अजून एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये निघतात, त्यात एका शीटला ६५,५३६ च ओळी, नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. काही प्रोग्राम पुढच्या ओळी गुपचूप गाळतात. शेवटच्या ओळीचा नंबर ६५,५३६ दिसला तर टोटल मारू नका, मला फोन करा. फक्त ११ तारखेच्या रात्री नको.